किती शिट्ट्या, ताई?

या वेळच्या पत्रांत कुकरने बाजी मारली आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. कोणाचंही नाव छापत नाही; कच्च्या राहिलेल्या डाळीची जाहिरात कशाला?

प्रश्न : ताई, पाककृतीत ‘तीन शिट्ट्या करा’ असं लिहिलेलं असतं. मी तीन केल्या की डाळ कच्ची राहते. जाऊबाईंकडे त्याच डाळीचा तीन शिट्ट्यांत लगदा होतो. चूक माझी की कुकरची?

उत्तर : दोघांचीही नाही, पाककृती लिहिणाऱ्याची. शिट्टी म्हणजे जास्तीची वाफ बाहेर पडल्याचा आवाज. झाकणाच्या नळीवर बसवलेलं वजन उचलण्याइतका दाब झाला की ते वर उचललं जातं, वाफ सुटते, दाब उतरतो, वजन परत खाली बसतं. डाळ शिजली की नाही, हे त्या वजनाला काय ठाऊक? आच मोठी असली तर शिट्ट्या एकीवर एक येतात. बारीक असली तर दोन शिट्ट्यांमध्ये पाच-सहा मिनिटंही जातात. म्हणजे तुमच्या तीन शिट्ट्या चार मिनिटांत उरकत असतील आणि जाऊबाईंच्या पंधरा मिनिटांत. त्यात तुमचा कुकर तीन लिटरचा आणि त्यांचा साडेसातचा असला तर विचारायलाच नको. मोठा कुकर तापायलाच वेळ घेतो आणि तापता तापताही आतलं शिजतच असतं.

मी शिट्ट्या मोजत नाही. झाकण लावून मोठ्या आचेवर ठेवते, वजन लगेच लावत नाही. नळीतून वाफेची सरळ, जोरदार धार यायला लागली की मग वजन. असं का, तर आतली हवा आधी बाहेर गेली पाहिजे. हवा आणि वाफ एकत्र कोंडली तर दाब तेवढाच भरतो, पण तापमान कमी राहतं. (वजन झाकणालाच जोडलेलं असेल तर हे तुमच्या हातात नाही. सोडून द्या.) पहिली शिट्टी झाली की आच इतकी बारीक करायची की नुसता ‘सूंऽऽ’ आवाज येत राहील. तिथून घड्याळ सुरू.

आत हवेच्या दाबापेक्षा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो दाब जास्त असतो, त्यामुळे पाणी 100 ऐवजी 120 अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं. आच मोठी ठेवली म्हणून ते 130 होत नाही. जास्तीची उष्णता वाफ होऊन निघून जाते. गॅस जळतो, पाणी आटतं, वास घरभर पसरतो आणि तेवढाच जेवणातून कमी होतो.

माझ्या कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलीने वेळा लिहिलेल्या आहेत, त्या उतरवून देते. अर्धा तास भिजवलेली डाळ 8 मिनिटं, भात 5, मध्यम आकाराचे अख्खे बटाटे 12, रात्रभर भिजवलेले छोले 20, मटण 25. गॅस बंद केल्यावर दाब आपोआप उतरू द्यायचा, तो वेळ यात धरलेला नाही. हे माझ्या कुकरचे आकडे. तुमचे थोडे इकडेतिकडे होतील. तुम्हीही दाराला पेन्सिल लावा. छोल्यांचा आकडा तर माझ्याकडेही दोनदा खोडून लिहिलेला आहे, कारण दुकान बदललं की छोले बदलतात.

प्रश्न : रात्रभर भिजवलेला राजमा मी कांदा-टोमॅटो परतून त्यातच शिजवते. अर्धा तास झाला तरी दाताखाली कचकच लागतो. सोडा घालू का? आणि राजमा विषारी असतो म्हणतात, ते खरं का?

उत्तर : तुमच्या टोमॅटोने घात केलाय. दाण्याच्या पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारा पेक्टिन नावाचा पदार्थ सुटला की दाणा मऊ होतो. आंबट पाण्यात तो सुटायला फार वेळ लावतो. तेव्हा राजमा आधी नुसत्या पाण्यात बोटाने चेपेल इतका शिजवायचा आणि मग टोमॅटोत घालून पाच-दहा मिनिटं उकळायचा. चिंच, लिंबू, दही सगळ्यांना हाच नियम.

एवढं करूनही नाही शिजला तर पाणी बघा. जड पाण्यातलं कॅल्शियम याच पेक्टिनला घट्ट बांधून ठेवतं. आणि दाणा बघा. उष्ण, दमट जागी वर्षानुवर्षं पडलेलं कडधान्य काही केल्या शिजत नाही, मग कुकर कितीही भारीतला असो. डब्यात जुन्यावर नवं ओतायची सवय असेल तर ती मोडा, नाहीतर अर्धे दाणे मेण आणि अर्धे खडे.

मिठाने कडधान्य कडक होतं, असं आपण सगळ्याच ऐकत आलो. प्रत्यक्षात भिजवायच्या पाण्यात मीठ घातलं तर साल मऊ पडते, कारण मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं. लिटरभर पाण्याला मोठा चमचाभर मीठ, आणि सकाळी ते पाणी टाकून द्यायचं.

सोड्याने दाणा झटकन मऊ होतो, यात वाद नाही. पण चिमूट मोठी झाली की साल बुळबुळीत, चव साबणासारखी, आणि ब-1 जीवनसत्त्व बरंचसं जातं. पाणी फारच जड असेल तर किंचित घाला. एरवी नको.

विषाचं म्हणाल तर खरं आहे, पण घाबरू नका. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं. अर्धकच्चा राजमा पोटात गेला तर काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होऊ शकतात. भिजवलेलं पाणी फेकून ताज्या पाण्यात नीट उकळला की ते प्रथिन नष्ट होतं, आणि कुकरमध्ये तर उकळीपेक्षाही जास्त तापमान असतं. धोका आहे तो विजेवर तासन्‌तास मंद शिजवणाऱ्या भांड्यात. तिथे पाणी बऱ्याचदा उकळीला येत नाही आणि दाणा मात्र मऊ लागतो. तुम्ही फक्त ‘शिजला का’ म्हणून कचकचीत दाणे चघळत बसू नका. बोटाने चेपून बघा.

प्रश्न : मी पहिल्यांदाच एकटा राहतोय. कुकर घेतला, पण आई म्हणते ‘तो बॉम्ब आहे, जपून’. त्यामुळे अजून खोक्यातच आहे.

उत्तर : तुला ‘अहो’ म्हणवत नाही, म्हणून एकेरीत सांगते. खोकं उघड.

आईची भीती जुनी आहे, आणि कुकरही तिच्याइतकाच जुना. दनी पापँ नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1679 मध्ये वाफ कोंडणारं भांडं बनवून लंडनच्या रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेला दाखवलं. हाडं मऊ करणं हा त्याचा उद्देश. वाफ फार झाली तर भांडं फुटेल, हे त्याच्याही लक्षात आलं आणि त्याने वजन लावलेला व्हॉल्व्ह बसवला. 1682 मध्ये सोसायटीच्या सभासदांना त्याने त्या भांड्यात शिजवलेलं जेवण वाढलं. हाडंसुद्धा चीजसारखी मऊ झाली होती, अशी नोंद जॉन एव्हलिन या पाहुण्याने रोजनिशीत केली आहे. जेवणारे सगळे सुखरूप घरी गेले.

आता तुझ्या कुकरकडे ये. रोज लावण्याआधी झाकण उजेडासमोर धर आणि वजन बसतं त्या नळीतून एक डोळा मिटून आरपार बघ. पलीकडचा उजेड गोल, स्वच्छ दिसला पाहिजे. अर्धचंद्र दिसला तर आत डाळीची साल किंवा भाताचं शीत वाळून बसलंय. काडी घालून काढ आणि नळाखाली धर. नळी मोकळी असेल तर वाफेला वाट आहे, आणि वाट असलेली वाफ कोणाचं काही बिघडवत नाही. नळी तुंबलीच तर पुढचा पहारेकरी सेफ्टी व्हॉल्व्ह. बऱ्याच कुकरांत त्याच्या मध्यभागी लवकर वितळणारा मिश्रधातू असतो. आतलं पाणी संपलं किंवा वाफ प्रमाणाबाहेर तापली की तो वितळतो आणि वाफ तिथून निघून जाते. दचकशील, पण तो त्याचं काम करतोय. तो गेला की त्याच कंपनीचा नवा बसव. पीठ लिंपून, खिळा ठोकून बुजवणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्यांचा कुकर मात्र खरंच बॉम्ब.

बाकी पथ्यं थोडी. कोरडा कुकर कधी लावू नकोस. दोन तृतीयांशाच्या वर भरू नकोस. डाळ, भात किंवा फेस येणारं काही असेल तर निम्माच. झाकण लावून आत तेलात काही तळायचं नाही. वजन उचलल्यावर सुस्कारा येत असेल तर झाकणाशी झटापट करायची नाही. पहिल्या दिवशी नुसतं दोन पेले पाणी घालून कुकर लाव आणि शिट्टी ऐक. दुसऱ्या दिवशी बटाटे.

प्रश्न : डाळ लावली की शिट्टीतून पिवळं पाणी उडतं. ओटा, भिंत, सगळं पुसत बसावं लागतं.

उत्तर : डाळीच्या पाण्यावर फेस येतो, तो नळीत चढतो आणि वाफेबरोबर बाहेर पडतो. डाळ तीन-चार पाण्यांनी धुवा, चमचाभर तेल घाला (तेलाने फेस मोडतो), कुकर निम्म्याच्या खाली ठेवा आणि पहिल्या शिट्टीनंतर आच खरंच बारीक करा. तुम्ही करत नसाल, असा माझा दाट संशय आहे.

प्रश्न : डाळ आणि भात एकाच कुकरमध्ये डब्यांत लावते. भात गिचका होतो, डाळ मात्र टणक राहते.

उत्तर : दोघांना वेळ सारखाच मिळतो आणि गरज वेगळी आहे, म्हणून पुढची सूट डाळीला द्यायची. डाळ अर्धा तास भिजवा, तिच्यात उकळतं पाणी घाला आणि तिचा डबा खाली ठेवा. तळाच्या पाण्यात उभा असलेला डबा लवकर तापतो. भाताचा डबा वर, त्यात गार पाणी आणि वर झाकणी. शिवाय भाताचं पाणी कमी करा. उघड्या पातेल्यात बरंच पाणी वाफ होऊन जातं, म्हणून तिथे जास्त लागतं. डब्यात ते कुठे जाणार? वाटीभर तांदळाला दीड ते दोन वाट्यांत भागतं. दोनच माणसांचा स्वयंपाक असेल तर मी डाळच आधी लावून घेते, ती घोटेपर्यंत भात होतो.

प्रश्न : कुकरमध्ये सगळी सत्त्वं मरतात, असं शेजारच्या काकू म्हणतात.

उत्तर : काकूंना विचारा, भाजी भरपूर पाण्यात उकडून पाणी मोरीत ओतल्यावर काय उरतं? क जीवनसत्त्व उष्णतेने जातं, पण पाण्यात विरघळूनही जातं. कुकरमध्ये वेळ कमी आणि पाणी कमी, त्यामुळे हिशेब बहुधा कुकरच्या बाजूने लागतो. अट एकच, फ्लॉवरला दहा मिनिटं ठेवायचं नाही. पालेभाजी मी कुकरमध्ये लावतच नाही. तिच्यासाठी कढई आहे की.

प्रश्न : बदली होऊन उंच डोंगरातल्या गावी आलो. इथे कुकरमध्येही जास्त वेळ लागतो, की भास आहे?

उत्तर : भास नाही. 3000 मीटर उंचीवर उघड्या भांड्यातलं पाणी 90 अंशांच्या आसपासच उकळतं, तिथे डाळ तासन्‌तास रटरटत बसते. कुकरचं वजन बाहेरच्या हवेच्या वर दाब देतं, आणि बाहेरची हवाच विरळ. त्यामुळे आतलं तापमानही चार-पाच अंशांनी उतरतं. सुमारे 600 मीटरच्या वर दर 300 मीटरला वेळ पाच टक्क्यांनी वाढवायचा, असा ठोकताळा आहे.

प्रश्न : घाईत कुकर नळाखाली धरला तर चालतं का?

उत्तर : बटाट्याला, भाजीला चालतं. कडधान्याची साल फाटते, मटण आक्रसतं, आणि डाळ असेल तर फेस उसळून वर येतो. धरायचाच तर पाणी झाकणाच्या कडेवर सोडा, नळीवर आणि व्हॉल्व्हवर नको. विजेवरचा कुकर कधीच नाही.

प्रश्न : वाफ कडेने जाते, शिट्टी होतच नाही. रिंग फ्रिजरमध्ये ठेवली की दोन दिवस बरी चालते.

उत्तर : म्हणजे रिंगने राजीनामा दिलाय आणि तुम्ही तिला मुदतवाढ देताय. नवी आणा. आणताना कुकरची कंपनी आणि लिटर दोन्ही सांगा, ‘साधारण अशी’ म्हणून हाताने माप दाखवू नका. नवी रिंग रोज काढून धुवा आणि झाकण उलटं करून ठेवा. बंद कुकरात ठेवलेली रिंग लवकर ढिली पडते, वर कालच्या रश्श्याचा वास उद्याच्या भाताला लागतो.