पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर नेमका जातो कुठे, आणि तो बंद का होत नाही?

तुमचा प्रश्न असा आहे: महाराष्ट्रात पगारातून दर महिन्याला २०० रुपये व्यवसाय कर कापतात, फेब्रुवारीत ३००, हे पैसे कशासाठी आणि किती वर्षं द्यायचे?

आधी ते ३०० चं कोडं. ११ महिन्यांचे २,२०० आणि फेब्रुवारीचे ३००, मिळून २,५००. त्यापुढे सरकारला एक रुपयाही घेता येत नाही, कारण राज्यघटनेच्या कलम २७६ नं या कराला वर्षाला माणशी कमाल मर्यादा घालून दिली आहे. सुरुवातीला ती २५० रुपये होती. १९८८ च्या ६० व्या घटनादुरुस्तीनं २,५०० झाली आणि तिथेच थांबली. चौदाव्या वित्त आयोगानं ती १२,००० करा असं सुचवलं होतं, पण त्यासाठी पुन्हा घटनादुरुस्ती हवी. एखादा कर इतकी वर्षं जागचा न हलण्याचं दुसरं कारण मला तरी दिसत नाही. विधानसभेच्या साध्या बहुमतावर असता तर कधीच वाढला असता.

आता 'कशासाठी'. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमी योजना (रोहयो) मोठ्या प्रमाणावर सुरू झाली, कल्पना विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची. गावातल्या माणसाला मागेल तेव्हा काम द्यायचं तर पैसा कायमचा हवा, म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा आला. शहरातल्या पगारदारानं आणि व्यावसायिकानं द्यायचं, खेड्यातल्या मजुराला काम मिळायचं, असा उघड हिशेब होता. १९७७ च्या रोहयो कायद्यात आणखी एक चांगली अट घातली: जेवढा कर जमेल तेवढीच भर राज्यानं आपल्या तिजोरीतून घालायची. दुकान किंवा ऑफिसची जागा असेल तर मालमत्ता कराचं बिल काढून बघा, त्यात 'रोजगार हमी उपकर' अशी वेगळी ओळ असते. तोही याच कामासाठी.

कल्पना चोख होती. गडबड हिशेबाच्या रचनेत आहे. तुमचे २०० रुपये थेट रोहयोच्या निधीत पडत नाहीत. कोणताही कर आधी राज्याच्या एकत्रित निधीत, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीत जातो, तिथे तो विक्रीकर, मुद्रांक शुल्क, दारूवरचं उत्पादन शुल्क यांच्यात मिसळतो. मग विधिमंडळानं खर्चाची मागणी मंजूर केली की त्यातली रक्कम रोजगार हमी निधीत वळवायची. वळवायला उशीर झाला किंवा कमी वळवली, तर कर भरणाऱ्याला पत्ता लागत नाही. त्याच्या पगारपत्रकावर आकडा तोच असतो. पुढे निधीचा पसाराही वाढला. १९९० मध्ये फळबाग लागवड रोहयोला जोडली (ही योजना चांगलीच चालली, कोकणातल्या आंबा-काजूच्या बागा त्याची साक्ष आहेत). २००६ पासून केंद्राची रोजगार हमी लागू झाली आणि १०० दिवसांपर्यंतच्या अकुशल मजुरीचा भार केंद्रानं उचलला. राज्यावरचा बोजा हलका झाला, कर मात्र राहिला, कारण तो कधी संपणार हे १९७५ च्या कायद्यात लिहिलेलंच नव्हतं.

दुष्काळाच्या नावानं २०१५ मध्ये पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे २ रुपये अधिभार लावला, त्याचीही गत तीच. २०१६ ला पाऊस बरा झाला, तरी २०१७ मध्ये पेट्रोलवरच्या अधिभारात भरच पडली. म्हणून माझं मत असं की सरकारला आवर घालायचा तर 'कर कमी करा' अशी ओरड करून फारसं हाती लागत नाही. कराचा कायदा होतानाच त्यात कमाल रक्कम आणि संपण्याची तारीख घालून घ्यावी. व्यवसाय करात पहिली गोष्ट होती, तिचा उपयोग तुम्ही दर फेब्रुवारीत बघता. दुसरी नव्हती.

वसुलीचा खर्चही धरा. दहा जणांच्या लहान कंपनीकडून कामगारांचे जास्तीत जास्त २५,००० आणि कंपनीचे स्वतःचे २,५०० येतात. त्यासाठी दोन वेगळ्या नोंदण्या, विवरणपत्रं, चलनं. विवरणपत्र चुकलं तर १,००० रुपये विलंब शुल्क (३० दिवसांच्या आत भरलं तर २००). दिल्ली आणि हरियाणात हा करच नाही, आणि तिथली सरकारं त्यावाचून अडलेली नाहीत.

तुमच्यापुरतं बघायचं तर सूट तपासा. वय ६५ च्या वर, ४० टक्के किंवा जास्त कायमचं अपंगत्व, अपंग मुलाचे पालक, सैन्यदलात नोकरी, किंवा महिलेचा मासिक पगार २५,००० पर्यंत (एप्रिल २०२३ पासून), यातलं काही लागू असेल तर कर लागत नाही. पण पगार विभाग आपणहून विचारत नाही; प्रमाणपत्र तुम्ही नेऊन द्यायचं. नोकरीबरोबर स्वतःचा व्यवसाय असेल आणि तिथे २,५०० भरत असाल, तर तसं लेखी देऊन पगारातली कपात थांबवता येते. बहुतेकांना हे ठाऊक नसतं आणि कर दोनदा जातो. प्राप्तिकराची जुनी पद्धत घेतली असेल तर ही रक्कम उत्पन्नातून वजा होते, नव्या पद्धतीत होत नाही.

आणि पैसा खरंच रोहयोकडे वळला का हे बघायचं असेल तर वित्त विभागाच्या संकेतस्थळावर अर्थसंकल्पाची पुस्तकं आहेत. जमेच्या बाजूला लेखाशीर्ष (हिशेबातला खात्याचा क्रमांक) ००२८ खाली व्यवसाय कर सापडेल. खर्चाच्या बाजूला २५०५, ग्रामीण रोजगार. तिथे ७९७ या गौण शीर्षाची (पोटखात्याची) ओळ शोधा. निधीकडे केलेलं हस्तांतरण तीच दाखवते. अंदाजाच्या रकान्यावर विसंबू नका. 'प्रत्यक्ष रकमा' असा जुन्या वर्षाचा रकाना असतो, त्यातले जमेचे आणि हस्तांतरणाचे आकडे शेजारी शेजारी मांडा, आणि राज्यानं तेवढीच भर घालायची होती हे लक्षात ठेवून फरक काढा.