पणजीतल्या ऑफिसात माणसं कामात असताना सेन्सर दिवे का बंद करतो?
असे दिवे चालू-बंद करणाऱ्या पीआयआर (पॅसिव्ह इन्फ्रारेड) सेन्सरला माणूस दिसत नाही, हलणारी उष्णता दिसते. कीबोर्डवर नुसती बोटं चालत असली तर त्याच्या लेखी खोली रिकामीच. त्यात आपला मे महिना: एसी बंद असलेल्या खोलीत पारा 34-35 अंशांवर गेला की अंग आणि भिंत यांच्या तापमानात फारसा फरक उरत नाही.

आधी टाइम-डिले (हालचाल थांबल्यावर दिवा किती वेळाने बंद व्हायचा ते) 5 वरून 15-20 मिनिटांवर न्या. बहुतेक सेन्सरना त्यासाठी छोटा फिरवायचा स्क्रू असतो. सेन्सर टेबलांच्या वर हवा, एसीच्या झोतात नको. काचेच्या केबिनला स्वतंत्र सेन्सर लावाच, काचेपलीकडचं पीआयआरला कळत नाही. टॉयलेटसाठी पीआयआरसोबत मायक्रोवेव्हही असलेला ड्युअल सेन्सर घ्या (मायक्रोवेव्ह लहरी पातळ भिंतीपलीकडचीही हालचाल टिपतात), पण रेंज कमी ठेवा. नाहीतर जिप्समच्या भिंतीपलीकडे पॅसेजमधली वर्दळ टिपून दिवा जळतच राहतो.