कोड उघडा आहे, पण वाचला कोणी?

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

आपल्या वाचनालयासाठी कोहा ही ओपन सोर्स, म्हणजे जिचा कोड कोणालाही वाचता आणि बदलता येतो अशी, ग्रंथालय प्रणाली घ्यायचा तुझा प्रस्ताव कार्यकारिणीच्या बैठकीत बारगळल्याचं तुझ्या पत्रातून कळलं. तीन प्रश्न आले असं तू लिहिलंस. फुकट मिळतंय म्हणजे त्यात काहीतरी गोम असणार. कोड सगळ्या जगाला दिसतो म्हणजे चोरालाही दिसतो. आणि उद्या काही झालं तर धरायचं कोणाला? या तिन्हींवर तू एकच उत्तर दिलंस: 'हजारो लोक तो कोड बघत असतात, म्हणून तो सुरक्षितच असतो.' सगळे गप्प बसले, पण पटलं कोणालाच नाही. खरं सांगतो, मलाही पटलं नसतं. त्यांचा गैरसमज एका टोकाचा आहे आणि तुझा दुसऱ्या टोकाचा. मला काळजी तुझ्या गैरसमजाची जास्त वाटते, कारण उद्या तो सर्व्हर तू सांभाळणार आहेस.

वाचनालयाचा ताळेबंद दरवर्षी वार्षिक सभेत टेबलावर ठेवलेला असतो. कोणीही सभासद तो उचलून वाचू शकतो. पण पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारे किती असतात, ते तू पाहिलं आहेस. म्हणून तर हिशेबतपासनीस नेमावा लागतो. ओपन सोर्सचंही तसंच आहे. कोड उघडा असतो म्हणजे तपासायची मुभा असते. तपासणी झालीच असेल असं त्यातून निघत नाही.

ओपनएसएसएलचं उदाहरण घे. इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणारं हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर. बँकांपासून ईमेलपर्यंत कितीतरी संकेतस्थळांची कुलपं त्याच्यावर चालतात. मार्च २०१२ च्या आवृत्तीत त्यात एक चूक आली. समोरचा संगणक एक छोटा मजकूर पाठवून 'हा मला परत पाठव' म्हणायचा आणि सोबत त्याची लांबी सांगायचा. त्याने लांबी खोटी, मोठी सांगितली, तरी सर्व्हर ती न मोजता शेजारच्या मेमरीतला मजकूरही देऊन टाकायचा, एका खेपेला ६४ किलोबाइटपर्यंत. त्यात पासवर्ड असू शकत, सर्व्हरची गुप्त किल्लीसुद्धा. हार्टब्लीड नावाने ही चूक जाहीर झाली एप्रिल २०१४ मध्ये. दोन वर्षं ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. अर्ध्या जगाचा भार वाहणाऱ्या त्या प्रकल्पाला तेव्हा देणग्या मिळत होत्या वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर.

दुसरी गोष्ट २०२४ ची आहे आणि ती तू नीट समजून घे. एक्सझेड हे फायली दाबून लहान करण्याचं साधन आहे, लिनक्स या ओपन सोर्स कार्यप्रणालीवर चालणाऱ्या बहुतेक यंत्रांवर असतं. ते एकच माणूस सांभाळत होता. हे बिनपगारी, छंदापोटी चाललेलं काम आहे, याची त्याने लोकांना आठवणही करून दिली होती. तरी काही अनोळखी नावं त्याच्यामागे लागली की काम फार रेंगाळतंय, दुसऱ्या कोणाच्या तरी हाती द्या. 'दुसरा कोणी' तयारच होता. जिया टॅन या नावाने कोणीतरी दोनेक वर्षं चांगलं, उपयोगी काम करत राहिलं, विश्वास मिळवला आणि मग आत चोरदरवाजा बसवला. तो लपवला होता चाचणीसाठी ठेवलेल्या फायलींमध्ये, ज्या माणसाला वाचता येण्यासारख्या नसतात. त्या फायली उघडून चोरदरवाजा जोडणाऱ्या ओळी सार्वजनिक कोडात नव्हत्याच, वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होत्या. म्हणजे दाखल नोंदवहीत एक आणि कपाटात दुसरंच. वर्षाची ग्रंथ पडताळणी आपण कशासाठी करतो, ते तुला सांगायला नको.

तो सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड नावाचा मायक्रोसॉफ्टमधला अभियंता, पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारा, डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराच्या विकासातल्या आवृत्तीवर दुसरंच काही मोजत होता. सर्व्हरमध्ये शिरायला एरवी ०.३ सेकंद लागायचे, ते ०.८ लागायला लागले. अर्धा सेकंद! दुसऱ्या कोणी चहा घेऊन दुर्लक्ष केलं असतं. याने पाठपुरावा केला, खोदत खोदत एक्सझेडपर्यंत पोहोचला आणि २९ मार्च २०२४ ला सगळं जाहीर केलं. तुझा कोहा डेबियनच्या ज्या स्थिर आवृत्तीवर बसवायचा आहे, तिथपर्यंत तो चोरदरवाजा पोहोचला नव्हता.

या गोष्टीने माझा ओपन सोर्सवरचा विश्वास कमी झाला नाही, पण त्याची जागा बदलली. आता माझा भरवसा 'हजारो डोळ्यां'वर नाही. तो या गोष्टीवर आहे की शंका आली, तर एक चिकाटीचा माणूस कोणाची परवानगी न घेता तळापर्यंत जाऊ शकतो, आणि सापडलेलं सगळ्या जगाला दाखवू शकतो. कार्यकारिणीला हेच सांग, आणि अर्ध्या सेकंदाची गोष्ट सांगून सांग. आपल्या सभासदांना हिशेब कळतो, त्यांना हे कळेल.

चोराला कोड दिसतो, या शंकेचं उत्तर फार जुनं आहे. ऑगुस्ट केर्कहॉफ्स या भाषातज्ज्ञाने १८८३ मध्येच मांडलं होतं की गुप्तलेखनाची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चालली पाहिजे, गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. कुलूप कसं बनतं हे गावातल्या प्रत्येक लोहाराला माहीत असतं, म्हणून कोणी दाराला कुलूप लावायचं सोडत नाही. आणि 'कोणीही येऊन त्यात बदल करेल' असं कोणी म्हणालं, तर फरक समजावून सांग. आपापल्या प्रतीत बदल कोणीही करू शकतो. मूळ कोहात बदल जायचा, तर आधी दुसऱ्या कोणीतरी तो चालवून पाहून मान्यता द्यावी लागते, मग गुणवत्ता तपासणारे बघतात, मगच आवृत्तीचा प्रमुख तो आत घेतो.

धरायचं कोणाला, हा प्रश्न मात्र रास्त आहे, तो उडवून लावू नकोस. परवान्यात स्वच्छ लिहिलंय की हमी नाही. विकतच्या सॉफ्टवेअरचे करारही वाचून बघ, नुकसानभरपाईची जबाबदारी तिथेही बहुतेकदा झटकलेलीच असते. पूर्वी मी एका वाचनालयात काम केलं, तिथे विकत घेतलेली प्रणाली होती. विक्रेत्याने धंदा बंद केला, फोन लागेना, आणि नोंदी अशा साच्यात अडकल्या की दुसऱ्या कशातही उघडेनात. एक अख्खा उन्हाळा आम्ही तिघांनी दाखल नोंदवहीवरून हजारो पुस्तकं पुन्हा टंकली. काही जुन्या पानांवरची शाई उडालेली होती, ती पुस्तकं कपाटात शोधून नोंदवावी लागली. कोहातून नोंदी मार्क या ग्रंथालयांच्या सर्वमान्य साच्यात बाहेर काढता येतात. सेवा करार पैसे देऊन करता येतो, आणि सेवा देणारा पटला नाही, तर दुसरा धरता येतो.

आणि 'फुकट' हा शब्द तू प्रस्तावातून काढून टाक. परवान्याला पैसे पडत नाहीत, पण सर्व्हर, बॅकअप, बारकोड, नोंदी भरणं, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण, सगळ्याला पडतात. ते आकडे पहिल्याच पानावर मांड. आपल्याकडे फुकटच्या वस्तूचा संशय येतो तो उगाच नाही, फसलेल्या माणसांचा तो अनुभव आहे.

कोहाचा जन्मच एका सार्वजनिक वाचनालयात झाला, हे तू बैठकीत सांगितलंस का? न्यूझीलंडमधल्या होरोफेनुआच्या वाचनालयाची जुनी प्रणाली २००० साल उजाडल्यावर चालेल याचा भरवसा नव्हता. त्यांनी १९९९ मध्ये नवीन बनवून घेतली, आणि ती स्वतःपुरती न ठेवता सगळ्यांना देऊन टाकली. कोहा हा माओरी शब्द आहे, अर्थ भेट, पण अशी भेट की जिची आपणही कधीतरी परतफेड करायची असते. मला तर हा आपला आहेरच वाटतो. आपली परतफेड पैशातच व्हायला हवी असं नाही. मराठी शोधात एखादी चूक सापडली, तर ती नीट लिहून त्यांना कळव.

पुढच्या बैठकीआधी दोन कामं कर. कोहाच्या नव्या आवृत्त्या ठरावीक काळाने येत राहतात. त्या कोण चढवणार, त्या माणसाचं नाव प्रस्तावात लिही, आणि तो रजेवर असेल तेव्हा कोण, तेही लिही. दुसरं, शे-दोनशे पुस्तकांच्या नोंदी भर, बॅकअप घे, आणि सचिवांच्या समोर सगळं पुसून त्या बॅकअपवरून पुन्हा उभं करून दाखव. आधी घरी दोनदा करून बघ. बैठकीची तारीख ठरली की फोन कर, मी येऊन मागच्या खुर्चीवर बसेन.