जर्मनीत ऑफिसनंतर अर्ध्या तासात चवीचं जेवण: रेसिपी कशा शोधायच्या आणि नागपूरहून काय न्यायचं

प्रश्न थोडक्यात असा होता: नोकरीसाठी नागपूरहून जर्मनीला जातोय, वरण-भात आणि पोहे सोडून फारसं काही येत नाही. संध्याकाळी साडेसहाला घरी पोचल्यावर झटपट, पण चव असलेलं काही करायचं, तर ऑनलाइन रेसिपी कुठे पाहायच्या आणि सामानात काय भरायचं?

भाऊ, रेसिपींना तोटा नाही. तोटा आहे तो खरी वेळ सांगणाऱ्या रेसिपींचा. 'तीस मिनिटांत तयार' असं वर लिहिलेलं असतं आणि साहित्याच्या यादीत 'दोन कांदे बारीक चिरून, लसूण सोलून, खोबरं किसून' असतं. ही चिराचिरी त्या तीस मिनिटांत धरलेलीच नसते. नवख्या हाताला दोन कांदे, सहा पाकळ्या लसूण आणि आल्याचा तुकडा यातच दहा-बारा मिनिटं जातात. कांद्याच्या बाबतीत तर सर्रास थापा. मध्यम आचेवर दोन कांदे गुलाबी व्हायलाच सात-आठ मिनिटं लागतात, सावजी रश्श्याला हवे तसे तपकिरी व्हायला पंधरा ते वीस. 'कांदा पाच मिनिटांत सोनेरी' असं दिसलं की ती रेसिपी सोडा, बाकीच्या वेळाही तशाच असणार.

शोधताना पदार्थाचं नाव टाकू नका. 'सावजी चिकन' टाकलं की तासाभराचा, वाटणाच्या तीन फेऱ्यांचा व्हिडिओ समोर येतो. मंगळवारी रात्री तो काय कामाचा? घरात काय आहे आणि किती भांडी घासायची तयारी आहे, यावर शोधा: 'रेड लेंटिल वन पॉट', 'कॅन्ड चिकपी ट्वेंटी मिनिट', 'शीट पॅन कॉलीफ्लॉवर'. शीट पॅन म्हणजे सगळं एका ट्रेवर पसरून ओव्हनमध्ये. फुलकोबी, आलू, गाजर तेल-तिखट-मीठ लावून 200 अंशांवर 25-30 मिनिटं ठेवलं की तेवढ्यात आंघोळ आणि भात दोन्ही होतं. फक्त तुकडे एकमेकांवर चढवू नका, नाहीतर भाजण्याऐवजी वाफवले जातात आणि पचपचीत होतात.

मराठीत 'मधुराज रेसिपी'वर रोजच्या भाज्या-आमट्या मिळतील. 'हेब्बार्स किचन'चे व्हिडिओ छोटे असतात आणि कृती लिहूनही मिळते. जर्मन दुकानात जे मिळतं त्याचं काय करायचं, हे 'शेफकोख' या जर्मन साइटवर कळतं, ब्राउझरचं भाषांतर पुरतं. 'गुड फूड'वर (आधीचं 'बीबीसी गुड फूड') मापं ग्रॅममध्ये असतात, हा मोठा फायदा. या परदेशी रेसिपींतून पद्धत आणि वेळ घ्यायची, मसाला आपला घालायचा. त्यांच्या मसाल्यावर जाल तर आठवड्यातच कंटाळाल.

कॉमेंट वाचायच्या त्या 'मस्त झालं' वाल्या नाहीत. 'पाणी निम्मं घातलं', 'वीस मिनिटं जास्त लागली' असं कुणी लिहिलंय का ते पाहा. दोघा-तिघांनी एकच तक्रार केली असेल तर ती खरी धरा.

मापांत अमेरिकन कप 240 मिली, मोठा चमचा 15 मिली, छोटा 5. ऑस्ट्रेलियन मोठा चमचा मात्र 20 मिलीचा. ओव्हनला 350 फॅरनहाइट म्हणजे साधारण 175-180 सेल्सियस. अमेरिकन रेसिपीत कोशर सॉल्ट असेल तर मीठ आधी निम्मंच घाला, कारण ते जाड आणि पोकळ असतं, काही ब्रँडचा चमचा आपल्या बारीक मिठाच्या निम्म्या वजनाचा भरतो. त्यांची 'चिली पावडर' म्हणजे आपलं तिखट नव्हे, त्यात जिरं, लसूण, ओरेगॅनो मिसळलेलं असतं. पहिल्या आठवड्यातच डिजिटल वजनकाटा घ्या.

आता शेगडी, कारण निम्म्या रेसिपी इथेच फसतात. घर भाड्याने घेताना काचेची शेगडी दिसली तर ती इंडक्शन आहे की आतून तापणारी साधी काच, हे विचारून घ्या. इंडक्शनवर आच कमी केली की लगेच कमी होते. साध्या काचेवर बटण बंद केलं तरी ती कितीतरी वेळ गरम राहते आणि मोहरी तडतडेपर्यंत ठीक असलेली फोडणी पुढच्या मिनिटात काळी पडते. तिथे आच कमी करून भागत नाही, गंज (पातेलं) उचलून बाजूला घ्यावा लागतो. सुक्या मसाल्याला तर एवढाही वेळ मिळत नाही. म्हणून तिखट-मसाला वाटीत तीन चमचे पाण्यात कालवून मगच तेलात घाला. पाणी आटेपर्यंत मसाला जळत नाही आणि तुम्हाला दोन मिनिटं मिळतात.

धुराचंही बघा. तिथे झोपायच्या खोलीत आणि बाहेर पडायच्या पॅसेजमध्ये स्मोक अलार्म कायद्यानेच असतो, आणि एका खोलीचं घर असेल तर शेगडी त्याच्याच खाली. सुक्या मिरच्या तव्यावर भाजायच्या नाहीत.

मसाल्याचं मुख्य काम शनिवारी उरकायचं. रविवारी दुकानं बंद असतात आणि शांतता पाळायची असते, शेजाऱ्याला मिक्सरचा आवाज खपत नाही. रोज रात्री दहानंतरही तेच. एक किलो कांदे उभे चिरून तीन मोठे चमचे तेल चोळून ट्रेवर 200 अंशांवर 35-40 मिनिटं, मधे दोनदा हलवून. मग ओव्हन 160 वर आणून 100 ग्रॅम सुक्या खोबऱ्याच्या चकत्या सहा-आठ मिनिटं. यावेळी समोरून हलायचं नाही, खोबरं अर्ध्या मिनिटात जळतं. गार झाल्यावर 80 ग्रॅम लसूण, 40 ग्रॅम आलं घालून शक्य तितक्या कमी पाण्यात वाटायचं आणि झाकणाच्या बर्फाच्या ट्रेत भरून त्याच दिवशी फ्रीझरमध्ये. झाकण नसेल तर आइस्क्रीमला लसणाचा वास. कच्च्या लसणाचं हे तेलकट वाटण फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आठवडाभर ठेवू नका, त्यात विषबाधा करणारे जिवाणू वाढू शकतात. गोठवलेलं दोन-तीन महिने चालतं.

मग दोघांसाठी चण्याचा तर्रीदार रस्सा 25 मिनिटांत होतो. आधी 150 ग्रॅम बासमती धुऊन 300 मिली पाण्यात लावा. उकळी आली की झाकून मंद आचेवर 12 मिनिटं, बंद करून पाच मिनिटं. दुसरीकडे 45 मिली तेल, अर्धा छोटा चमचा जिरं, एक तेजपान, वाटणाच्या चार वड्या. गोठलेल्या वड्या गरम तेलात टाकल्या की उडतात, म्हणून भाताचं पाणी तापतंय तोवर बाहेर काढून ठेवा. नऊपैकी सहाच्या आचेवर पाच-सहा मिनिटं परता, कडेनं तेल सुटलं पाहिजे. मग 10 ग्रॅम सावजी मसाला, पाव चमचा हळद, एक छोटा चमचा तिखट पाण्यात कालवून घाला आणि दोन मिनिटं परता. 400 ग्रॅमच्या डब्यातले छोले निथळून, धुऊन घाला, वर केटलमधलं उकळतं पाणी 400 मिली आणि पाऊण छोटा चमचा मीठ. दोन मिनिटं खळखळून उकळी, मग चारच्या आचेवर अर्धवट झाकून दहा मिनिटं. शेवटी बंद करून पाच मिनिटं अजिबात हलवू नका, तर्री त्या पाच मिनिटांत वर येते.

नाहीच आली, तर वाटणातलं पाणी पुरतं आटलं नव्हतं, किंवा गार पाणी ओतलं होतं, किंवा तेलात हात आखडता घेतला होता. सर्वांत जास्त वेळा हे तिसरंच कारण निघतं. याच बेसवर उकडलेली अंडी, बटाटा किंवा चिकनही चालतं. चिकन घेताना हाड काढलेल्या मांड्या घ्या, 20 मिनिटांत शिजतात. सूपसाठी विकतात ती म्हातारी कोंबडी स्वस्त दिसते, पण तिला दीड-दोन तास लागतात.

बदली वस्तूंचं पटकन सांगतो. लाल मसूर साध्या दुकानात मिळते, 150 ग्रॅमला 600 मिली पाणी, कुकरशिवाय 15 मिनिटांत वरण. तुरीची चव येत नाही, पण लसणाची फोडणी झणझणीत असेल तर रात्रीपुरतं चालून जातं. कढीला तिथलं दही पुरेसं आंबट नसतं, ताक म्हणून मिळतं ते घ्या. क्वार्क दह्यासारखं दिसतं, पण कढीत त्याचे दाणे होतात. भात पिशवीतल्या उकड्या तांदळाचा करू नका, रस्सा त्यात मुरत नाही. जिऱ्याच्या नावाखाली शहाजिऱ्यासारखं दिसणारं कॅरवे गळ्यात पडतं, म्हणून पाकीट उघडून वास घ्यायची सोय नसेल तर भारतीय दुकानातूनच घ्या. हिरवा सांबार (कोथिंबीर), भेंडी आणि हिरव्या मिरच्या तुर्की दुकानात. सांबार आणला की धुऊन, पूर्ण कोरडा करून, टिश्यूत गुंडाळून डब्यात ठेवायचा.

सामानात काय? इतवारीतल्या किराणा ओळीतून अर्धा किलो सावजी मसाला, भिवापुरी मिरचीचं तिखट, दगडफूल, तेजपान, जवसाची चटणी, मूगवडी आणि सांडगे, सगळं सीलबंद. स्टीलचा तीन लिटरचा इंडक्शन बुडाचा कुकर घ्या, बुडाला लोहचुंबक चिकटला तरच. सोबत जास्तीची रबर रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह. आपला मिक्सर तिथे चालतो, 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ दोन्हीकडे सारखेच, फक्त अर्थिंगचा चांगला अडॅप्टर लागतो. तूप, खवा, पेढे, खव्याची संत्रा बर्फी युरोपियन युनियनबाहेरून नेता येत नाही, दुग्धजन्य आणि मांसाच्या पदार्थांना बंदी आहे. ताज्या कढीपत्त्याला वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र मागतात, म्हणून वाळवलेला न्या. आणि तिकीट दुबई किंवा शारजावरून असेल तर मसाल्यात खसखस आहे का हे दुकानदाराला आधी विचारा. अमिरातीत खसखस बंदी असलेला पदार्थ आहे आणि सावजी मसाल्यात ती बऱ्याचदा असते. त्याला सांगून खसखशीशिवाय दळून घ्या. जर्मनीत खसखस बेकरीच्या सामानात सहज मिळते, तिथे पोचल्यावर भाजून घालता येईल.