फेऱ्या मोज

बाय,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा जीव तुटला, दुसऱ्यांदा राग आला. तिसऱ्यांदा वाचून मग लिहायला बसले.

एकाच आठवड्यात तू दोन घरं बघितलीस. एका घरी दत्तकाचा गृह अध्ययन अहवाल लिहायला गेलीस. उत्पन्नाचा दाखला, डॉक्टरचं प्रमाणपत्र, लग्नाचा दाखला, सगळं त्यांनी फाइलला लावून ठेवलं होतं. दोघांच्या वयाची बेरीज तू विचारलीस तेव्हा त्या बाईचे हात कापत होते. दुसरं घर बंदरावरच्या खलाशाचं, पोराच्या पाठीवर पट्ट्याचे वळ. आणि तू विचारतेस, "मावशी, हिला इतके कागद आणि त्याला एकही नाही? आई-बाप होण्याआधी सगळ्यांनाच लायकी सिद्ध करायला का लावू नये?"

तुझा राग खरा आहे गो. पण उत्तर चुकलंय. हे मी पुस्तकातून सांगत नाही. नोकरीत असताना हेच उत्तर मी स्वतःच्या हातांनी देत होते.

आधी दत्तकाचं. तिथे मूल सरकारच्या ताब्यात असतं. ते दुसऱ्याच्या ओटीत घालायचं तर कोणाच्या घालतोय याचा जाब देणाऱ्याला द्यावाच लागतो. म्हणून कारा या दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेकडे नोंदणी, म्हणून तुझा अहवाल, म्हणून मूल घरी गेल्यावरही दोन वर्षं दर सहा महिन्यांनी भेट. त्यातला एखादा नियम जाचक असेल तर भांडूया, पण तपासणी हवीच. खलाशाला मात्र त्याचं पोर कोणी दिलेलं नाही. तिथे तू "नाही" म्हणालीस तर पुढे काय करणार, हे पत्रात कुठेच नाही. लायकी नाही असं ठरलं आणि तरी दिवस राहिले, तर? एक तर तिच्या पोटाला हात घालशील, नाही तर बाळंतिणीच्या कुशीतून मूल उचलशील. तिसरा रस्ता असेल तर मला दाखव.

हे मी उगाच भीती घालायला लिहीत नाही. १९७६ साली आपल्याच राज्याच्या दोन्ही सभागृहांनी सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून कायदा झाला नाही. आणि २००९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तुला शिकवला असेलच. चंदीगडच्या सरकारी आश्रमातली अनाथ मुलगी, बुद्धीने थोडी कमी, तिथेच तिच्यावर अत्याचार होऊन दिवस राहिलेले. तिला मूल सांभाळता येणार नाही म्हणून गर्भ काढायचा आदेश झाला होता. तिला मूल हवं होतं. सर्वोच्च न्यायालयाने तिचं ऐकलं. तो निकाल पुन्हा काढून वाच. तुझ्या प्रश्नातली परीक्षा त्या मुलीला दे आणि ती पास होते का बघ.

आता माझं. मी १९८३ साली उपकेंद्रावर लागले. तेव्हा आम्हा नर्सबायांना नसबंदीच्या ऑपरेशनचं टार्गेट असायचं, ते सरकारने १९९६ साली काढलं. वाडीत शिरलं की मी ओट्यावरून घर ओळखायचे. ओटा सारवलेला नाही, पोरांची नाकं वाहतायत, नवरा पिऊन पडलेला. ही कसली आई होणार, असं उंबऱ्यावरच ठरवून टाकायचे. अशीच एक पाटी घेऊन सुकट विकणारी होती. एक मुलगी, एक मुलगा. पाच वेळा तिच्या घरी गेले आणि शिबिराला घेऊन आले. ओढून नेलं नाही. अंगठा तिने स्वतः दिला, शिवाय मागच्या बाळंतपणात तिच्या अंगात रक्त नव्हतं, तिसरं झेपलं नसतं. हेही खरं आहे, आणि हे कोणी खोटं म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही. पण मी पाच वेळा गेले ती तिच्या रक्तासाठी गेले नव्हते. तिला आणखी मूल होऊ नये, कारण ती माझ्या मते आई म्हणून नालायक होती, म्हणून गेले होते.

दोन वर्षांनी पावसाळ्यात तिच्या मुलाला हगवण लागली. रात्री त्याला पोटाशी धरून, मुलीला पाठुंगळी घेऊन, ती चिखलातून आरोग्य केंद्रापर्यंत चालत आली. पहाटे पोर गेलं. महिन्याने ती उपकेंद्रावर आली आणि म्हणाली, "बाई, ती गाठ सोडवता येते काय?" मी नाही म्हटलं आणि रजिस्टर उघडून पुढचं नाव वाचलं.

नंतर तेच रजिस्टर चाळलं. ऑपरेशनच्या आधी पाच फेऱ्या. ऑपरेशननंतर एक, टाके बघायला. साखर-मिठाचं पाणी शिकवायला एकही नाही. त्यांच्या विहिरीत पाणी शुद्ध करायची पावडर पडली की नाही हे बघायला एकही नाही. त्या दिवसापासून मी बायांची लायकी मोजणं सोडलं आणि स्वतःच्या फेऱ्या मोजायला लागले. तूही फेऱ्या मोज. पुढे जे सांगते ते एवढ्यासाठीच.

तू त्या खलाशाकडे गेलीस जूनच्या अखेरीस. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी. दर्यात बोट नाही, नाखव्याकडून घेतलेली उचल संपलेली, माणूस एकसष्ट दिवस घरात आणि गुत्त्यात. त्याच घरी जानेवारीत गेली असतीस तर पोराच्या हातात खाऊ दिसला असता. मग लायकी कोणत्या महिन्यात मोजणार? मारलं ते मारलंच, त्यावर पांघरूण घालू नकोस. गरज पडली तर बालकल्याण समितीपुढे ने, तुझ्या हातात कायदा आहे. पण तो कायदाही मूल जन्मल्यावरचा आहे, आणि तो चालवायला कोणीतरी दारात जावं लागतं. बंदीत तुमच्या बाल संरक्षण कक्षातून बंदरावर किती फेऱ्या झाल्या, हा प्रश्न आधी विचार.

आणखी एक लिहिते, ते कोणाला दाखवू नकोस. माझा मुलगा पहिली सहा वर्षं गुहागरला सासूबाईंकडे वाढला. मी आठवड्यातून एकदा एसटीने जायची, पाऊस असला की तेही नाही. त्याने "आई" म्हणून पहिली हाक त्यांना मारली. तुझ्या फॉर्मवर मी कुठे बसले असते? पगार होता, प्रकृती धड होती, घर पक्कं होतं. पास झाले असते. आणि ती सुकटवाली नापास झाली असती, जिने अख्खी रात्र मूल छातीशी धरलं. मला नोकरी सोडता येत नव्हती. सोडायला हवी होती असं आजही वाटत नाही. तो आता माझ्याशी मोजकंच बोलतो, त्याचं मला वाईट वाटतं, पण मी आई नव्हते असं कोणी कागदावर लिहिलेलं मला चालणार नाही. तिलाही चाललं नसतं.

आपल्या दापोलीजवळच्या मुरुडात जन्मलेल्या र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. मूल हवं की नको हे बाईला ठरवता यावं म्हणून साधन तिच्या हातात दिलं. ते काम अजून पुरं झालेलं नाही. त्या बंदरावर किती जणींना गोळ्या, तांबी वेळेवर मिळते, विचारून बघ. तिथेही फेऱ्याच कमी पडतात.

नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ द्यायच्या आत त्या घरी तीन वेळा जा. पहिली फेरी उद्याच. वही नेऊ नकोस. त्याची बायको पाटी घेऊन जाते म्हणालीस, ती परतल्यावर, जेवणं झाली की जा. पोराच्या पाठीला काय लावलंय ते बघ. शाळेत जातो का विचार, त्याच्या बापाशीही दोन शब्द बोल, तो शुद्धीत असला तर. बालसंगोपन योजनेत बसत असतील तर दुसऱ्या फेरीला फॉर्म घेऊन जा आणि तिथेच बसून भरून दे, "ऑफिसात या" म्हणू नकोस. त्या दत्तकवाल्या बाईलाही एक फोन कर आणि हात कापले म्हणून अहवालात काही वाईट जाणार नाही, एवढं सांग.

आणि पहिली फेरी झाली की लगेच मला कळव.

तुझी मावशी