वाफसा, ओल आणि ‘घात आली’

प्रश्न असा आला आहे: ‘बातमीत वाचलं, “तालुक्यात दमदार पाऊस झाला, मात्र वाफसा नसल्याने पेरण्या खोळंबल्या.” पाऊस झाला तर वाफसा नाही, असं कसं? वाफसा म्हणजे जमिनीतली ओलच ना? गावाकडचे नातेवाईक याच अर्थाने “घात आली” म्हणतात. चांगल्या गोष्टीला घात का म्हणावं? आणि शब्द वाफसा की वापसा?’

बातमी बरोबर आहे. पेरण्या खोळंबल्या त्या पाऊस कमी पडला म्हणून नव्हे, थांबला नाही म्हणून. गोंधळ होतो तो वाफसा आणि ओल हे एकच धरल्यामुळे. शब्दकोशात ‘वाफसा’पुढे ‘पेरणीयोग्य ओलावा’ अशा धर्तीचा अर्थ वाचला की तसं वाटणं साहजिक आहे. पण त्या अर्थातला महत्त्वाचा शब्द ‘पेरणीयोग्य’ हा आहे, ‘ओलावा’ नव्हे.

शेतकरी या दोन शब्दांबरोबर कोणती क्रियापदं वापरतात ते ऐका. ओल असते, मुरते, खोल जाते, उडून जाते. तिला मापही असतं: बोटभर ओल, वीतभर ओल. वरून मुरलेली ओल खालच्या जुन्या ओलीला भिडली की पाऊस कामाचा झाला, असं म्हणतात. वाफशाला मात्र माप नाही. ‘वीतभर वाफसा’ कोणी म्हणत नाही. वाफसा येतो, होतो आणि जातो. ‘अजून वाफसा आला नाही’, ‘आज वाफसा झालाय, उद्या तिफण (पेरणीचं अवजार) धरू’, ‘दोन दिवस कडक ऊन पडलं आणि वाफसा गेला’. येण्याजाण्याची क्रियापदं लागतात ती वेळेला, पाहुण्याला, हंगामाला. म्हणजे ओल हे जमिनीत किती पाणी आहे ते सांगणारं नाम, आणि वाफसा हे जमीन कामाला तयार आहे की नाही ते सांगणारं. भरपूर ओल असून वाफसा नसणं यात म्हणूनच काही विसंगती नाही. उलट ओल फार झाली की वाफसा हमखास नसतो.

जमिनीत घडतं ते असं. चांगल्या पोताच्या जमिनीचं आकारमान घेतलं तर साधारण निम्मा भाग मातीचे कण आणि कुजलेला पालापाचोळा, उरलेला निम्मा भाग पोकळ्या. झड लागली की या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरतात आणि हवा बाहेर फेकली जाते. पाऊस उघडला की मोठ्या पोकळ्यांतलं पाणी स्वतःच्या वजनाने खाली निचरतं आणि त्यांच्या जागी हवा शिरते. बारीक पोकळ्यांतलं पाणी मात्र कणांना धरून राहतं. पाणीही आहे आणि हवाही आहे, अशी ही मधली अवस्था म्हणजे वाफसा. हलक्या मुरमाड रानात ती एखाद-दोन दिवसांत येते. भारी काळ्या रानाला कितीतरी जास्त वेळ लागतो, कारण तिथली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि निचऱ्याच्या वाटा स्वतःच बुजवते. तेवढ्यात आणखी एक जोरदार सर आली की मोजणी पहिल्यापासून. एकाच बांधाच्या अलीकडे वाफसा आणि पलीकडे चिखल, हे रोजचं दृश्य आहे. त्या हिशोबाने ‘तालुक्यात वाफसा नाही’ हे बातमीतलं वाक्य जरा ऐसपैसच म्हणायला हवं. वाफसा तालुक्याला येत नाही, रानाला येतो.

ओलीची आणि वाफशाची अट वेगळी आहे, हे कृषी विद्यापीठांच्या खरिपाच्या सल्ल्यातही स्पष्ट दिसतं. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर आणि वाफसा आल्यावर पेरणी करा, असं ते सांगतात. पहिली अट पुढे पावसाने ओढ दिली तरी उगवलेलं रोप जगावं म्हणून, म्हणजे ओलीची. दुसरी अट बी नीट पडावं आणि त्याला श्वास घेता यावा म्हणून. चिखलात तिफण घातली तर फणांना माती धरते, नळे चोंदतात, बी एकीकडे जास्त आणि दुसरीकडे कमी पडतं, आणि जे पडतं त्याला हवा न मिळाल्याने कुजण्याची भीती. ट्रॅक्टर घातला तर चाकांखाली दबलेली माती पुढे हंगामभर मोकळी होत नाही.

वाफसा ओळखायला यंत्र लागत नाही. थोडी खालची माती मुठीत घेऊन लाडू वळायचा. तो वळलाच नाही तर जमीन कोरडी. वळला, पण हाताला चिकटला आणि कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर नुसता चपटा झाला तर अजून थांबायचं. पडल्यावर भुगा होऊन विखुरला की वाफसा. कुंडीतल्या मातीलाही हे लागू आहे. रोज पाणी घालूनही रोप पिवळं पडत असेल, तर बऱ्याचदा कुंडीला ओल असते, वाफसा नसतो. तळाचं भोक बुजलं असेल तर माती चिबडून जाते. ‘चिबडणे’ हा याच कुळातला नेमका शब्द आहे आणि शहरातल्या बागप्रेमींनी तो उचलावा असं मला फार वाटतं. ‘ओव्हरवॉटरिंग’ म्हणण्यापेक्षा ‘कुंडी चिबडली’ हे किती नेटकं आहे!

आता घात. विश्वासघातातला, अपघातातला घात पुल्लिंगी आहे: ‘घात झाला’. रानाची घात स्त्रीलिंगी आहे: ‘घात आली’, ‘घात गेली’. इथे लिंगानेच अर्थ वेगळा काढला आहे. या स्त्रीलिंगी शब्दाचा अर्थ अनुकूल वेळ, संधी. हिंदीत ‘घात लगाना’ म्हणजे दबा धरून संधीची वाट पाहणं, आणि तिथेही घात स्त्रीलिंगीच आहे. हिंदीने ती शिकाऱ्याच्या हाती दिली, मराठीने शेतकऱ्याच्या. (गणितातला ‘दोनचा तिसरा घात’ हा तिसराच, त्याला या भांडणात ओढायला नको.) अनेकजण घात आणि वाफसा हे शब्द एकमेकांच्या जागी वापरतात. माझ्या कानाला थोडा फरक जाणवतो. वाफसा म्हटलं की लक्ष मातीच्या अवस्थेकडे जातं, घात म्हटलं की हातातून निसटू शकणाऱ्या वेळेकडे. रब्बीच्या तोंडावर ‘घात’ जास्त शोभते ती यामुळे. जूनमध्ये आजचा वाफसा हुकला तर उघडीप मिळाल्यावर पुन्हा येईल अशी आशा असते. परतीचा पाऊस संपल्यावर ज्वारी-हरभऱ्याच्या पेरणीसाठी आलेली घात एकदा गेली, की पाणी दिल्याशिवाय परत येत नाही.

जिथे वाफशाची वाटच पाहत बसता येत नाही, तिथेही भाषेने सोय केली आहे. कोल्हापूरच्या पश्चिम भागात भाताची ‘धूळवाफ’ पेरणी होते, म्हणजे पावसाआधी कोरड्या, धूळ झालेल्या रानात. तिकडचा पाऊस एकदा सुरू झाला की उसंत देत नाही, मग वाफसा यायचा कधी?

शब्द बदलतोही आहे. पूर्वी वाफसा आपसूक यायचा, किंवा पाणी देऊन आणला जायचा. ठिबक आल्यापासून तो ‘ठेवता’ येऊ लागला. ‘मुळाशी कायम वाफसा ठेवा’ हे वाक्य आज डाळिंब-द्राक्षवाल्यांच्या बोलण्यात सर्रास येतं. येणाऱ्याजाणाऱ्या वेळेचं नाव टिकवण्याच्या स्थितीला मिळालं. त्यातून ‘वाफसा कंडिशन’, ‘वाफसा अवस्था’ अशी जोडनामं आली. त्यांची मला गरज वाटत नाही, वाफसा ही मुळातच अवस्था आहे.

हा शब्द महाराष्ट्राबाहेर नेला तो सुभाष पालेकरांनी. २०१६ साली पद्मश्री मिळालेल्या पालेकरांच्या नैसर्गिक शेतीचे चार आधार म्हणजे जीवामृत, बीजामृत, आच्छादन आणि वाफसा, आणि या चौकडीबरोबर आपला वाफसा तेलुगू, कन्नड, हिंदी लिखाणात जसाच्या तसा जाऊन बसला. मातीच्या पोकळ्यांत निम्मी हवा आणि निम्मी वाफ, अशी व्याख्या ते करतात आणि मुळांना पाणी नव्हे तर वाफ हवी असं मांडतात. मृदाशास्त्र मात्र मुळं मुख्यतः कणांभोवतीचं द्रवरूप पाणीच शोषतात असं सांगतं. शेतकऱ्याच्या तोंडचा वाफसा या वादाच्या आधीचा आहे, आणि तो वापरायला वाफेचा सिद्धान्त मान्य करावा लागत नाही.

लेखनाचं म्हणाल तर वाफसा आणि वापसा दोन्ही बोलले जातात, छापलेही जातात. मी ‘वाफसा’ लिहितो. ‘वापसा’ नव्या वाचकाला ‘वापस’ची आठवण करून देतो, आणि तिथून तो भलतीकडेच जातो. विभक्ती लावताना मात्र ‘वाफस्यावर’ किंवा ‘वाफश्यावर’ नको. ससा-सशाला, घसा-घशाला, कोळसा-कोळशाला, तसं वाफसा-वाफशावर.