बंद खाणीच्या खंदकातील पाणी भातशेतात येत असल्यास तपासणी कशी करावी?

प्रश्न (डिचोली तालुक्यातील शेतकरी): वरच्या बंद लोहखाणीच्या खंदकातून येणारा ओहोळ तांबडा दिसतो आणि भाताच्या खालच्या पानांवर टोकांकडून तपकिरी ठिपके पडत आहेत. हे खाणीमुळेच होते का, आणि पाणी कोठून तपासावे?

उत्तर: ठिपक्यांचे वर्णन लोहबाधेशी जुळते, परंतु आपली जमीन जांभ्याची असल्याने, पाणी साचून राहिले की मातीतलेच लोह विरघळून मुळांपर्यंत पोहोचते, आणि खाण नसलेल्या गावांतही अशी पाने दिसतात. म्हणून दोष ठरविण्यापूर्वी खंदकाचे पाणी ज्यात मिसळत नाही, अशा शेजारच्या ओहोळाचा नमुनाही घ्यावा.

गोव्याचे खनिज प्रामुख्याने लोहाच्या ऑक्साइडचे असल्याने गंधकयुक्त खनिजांच्या खाणींसारखे तीव्र आम्लपाणी येथे सहसा होत नाही. तांबडेपणा बहुधा गाळाचा असतो. त्यामुळे प्रत्येक ठिकाणी दोन बाटल्या भराव्यात, एक तशीच व दुसरी ०.४५ मायक्रॉन गाळणीतून जागेवरच गाळून, आणि दोन्हींत प्रयोगशाळेने दिलेले नायट्रिक आम्ल घालावे. पहिलीत लोह भरपूर व दुसरीत नगण्य असल्यास मुख्य त्रास गाळाचा आहे. मँगनीजही अवश्य मागावे. सिंचनाच्या पाण्यासाठी खाद्य व कृषी संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लोहास ५ आणि मँगनीजास ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे.

मात्र केवळ प्रमाण पाहून स्रोत सापडत नाही, आणि बहुतेक अहवाल नेमके येथेच थांबतात. समजा, खंदकाच्या तोंडाशी मँगनीज लिटरला ४ मिलिग्रॅम व प्रवाह सेकंदाला ५ लिटर, आणि खाली शेताजवळ मँगनीज १.५ मिलिग्रॅम व प्रवाह २० लिटर आहे. पाणी सुधारल्यासारखे वाटते, पण भार (प्रमाण गुणिले प्रवाह) सेकंदाला २० वरून ३० मिलिग्रॅमवर गेला; म्हणजे वाटेत आणखी कोठून तरी, बहुधा खनिजमातीच्या ढिगाऱ्याखालून, मँगनीज झिरपत आहे. भार वाढतो त्या दोन ठिकाणांच्या मध्ये पुन्हा नमुने घेत गेल्यास जागा निश्चित होते. लोहाचा भार घटला तरी निश्चिंत होऊ नये, कारण ते वाटेत गाळ होऊन तळाशी बसते. मँगनीज अधिक दूर जाते.

प्रवाह मोजण्यासाठी मोजून घेतलेले साधे मीठ बादलीत पूर्ण विरघळवून वर एकदम ओतावे, आणि ते पूर्ण मिसळेल इतक्या अंतरावर खाली विद्युतवाहकता मीटरने दर पाच सेकंदांनी नोंद घ्यावी. त्या नोंदींवरून प्रवाह काढता येतो. भरतीचे पाणी येणाऱ्या खाजन शेतीत ही पद्धत चालत नाही.

अहवाल येईपर्यंत शेताच्या तोंडाशी गाळ बसण्यासाठी खड्डा ठेवावा, पोटरीपूर्वी पाणी अधूनमधून काढून जमीन थोडी वाळू द्यावी, आणि माती परीक्षणानुसार चुना व पालाश द्यावे. नमुने पहिल्या मोठ्या पावसात एकदा आणि वायंगणाच्या (पावसाळ्यानंतरच्या भातपिकाच्या) वेळी पुन्हा घ्यावेत, कारण पावसात प्रमाण घटते पण भार वाढू शकतो.